गोव्यातच राहून पीएचडी: नेट आहे, जेआरएफ नाही. जागा कुठे आणि कशी शोधावी?

खाजनकाठ (प्रश्न)

नमस्कार. एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्र, ६४ टक्के. यंदा सीएसआयआर-नेट (विज्ञान विषयांची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) झाली, पण तिसऱ्या गटात, म्हणजे फक्त पीएचडी प्रवेशापुरती. पहिल्या गटाला दरमहा मिळते ती फेलोशिप म्हणजे जेआरएफ. जेआरएफ नाही. घरच्या अडचणीमुळे पुढची दोन वर्षं तरी गोवा सोडता येणार नाही. मिठागरांतल्या आणि खाजनांतल्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनींतल्या) क्षारप्रिय जिवाणूंवर काम करायचं आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गोव्यात नेमक्या कोणत्या संस्थांत हे शक्य आहे? आधी प्रोजेक्टवर नोकरी धरावी की थेट पीएचडी प्रवेशाची वाट पाहावी? आणि गाईडला पत्र लिहायचं तर त्यात काय लिहायचं?

---

ताळगाव_पठार

पहिल्यांदा एक घोळ निस्तरू या, कारण त्यातच लोकांची वर्षं जातात. पीएचडीला तीन गोष्टी लागतात: पदवी देणारं विद्यापीठ, गाईडकडची रिकामी जागा आणि दरमहा येणारे पैसे. या तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊ शकतात आणि एक मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. जेआरएफवाल्याकडे पैसा असतो, बाकी दोन त्याला शोधाव्या लागतात. तुमच्याकडे प्रवेशाची पात्रता आहे, पैसा नाही. तेव्हा तुमचा शोध पैशाच्या बाजूने सुरू व्हायला हवा.

आता वेळेचं गणित. २०२४ च्या जूनपासून नेटचे तीन गट झाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्यांसाठी प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि हे गुण फक्त एक वर्ष चालतात. निकालाची तारीख कागदावर लिहून भिंतीला लावा. त्या वर्षात प्रवेश झाला नाही तर परत नेट द्यावी लागते, नाहीतर विद्यापीठ स्वतःची परीक्षा घेत असेल तर ती. प्रत्येक विद्यापीठ त्या वर्षी काय ग्राह्य धरतं ते त्याच्या जाहिरातीतच बघायचं, मागच्या वर्षीच्या मित्राच्या अनुभवावर जायचं नाही.

संस्था:

गोवा विद्यापीठ, ताळगाव पठार. तुमच्यासाठी जीवशास्त्र व जैवतंत्रज्ञानाची शाळा (विद्यापीठातलं 'स्कूल') हे घर, पण पृथ्वी, महासागर आणि वातावरणशास्त्राची शाळाही बघा. मिठागराचा विषय दोन्हींत बसतो. शिवाय विद्यापीठाने मान्यता दिलेली संशोधन केंद्रं काही महाविद्यालयांत आहेत. तिथल्या गाईडांची नावं विद्यापीठाच्या यादीत असतात आणि तिकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही.

एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था), दोना पावल. ही सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेची प्रयोगशाळा. इथली पीएचडी एसीएसआयआर या अकादमीतून होते आणि प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि ऑगस्टच्या सत्रांना. स्वतःची फेलोशिप असलेल्यांना तिथे वाट सोपी आहे. तुमच्यासारख्यांनी पात्रतेचं पान दोनदा वाचायचं. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: एसीएसआयआरच्या अभ्यासक्रमात ग्रामीण प्रश्नावरचं सहा ते आठ आठवड्यांचं एक काम असतं, सीएसआयआर-८०० नावाचं. खाजनाचा विषय असलेल्याला ते सहज जुळतं.

एनसीपीओआर, हेडलँड सडा. ध्रुवीय आणि महासागरी संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र. पदवी स्वतः देत नाही, नोंदणी विद्यापीठात करावी लागते. सूक्ष्मजीवांवर काम आहे, पण ते मुख्यतः बर्फ आणि खोल समुद्राकडचं.

बिट्स, झुआरीनगर. जीवशास्त्राचा विभाग आहे, प्रवेशाची प्रक्रिया स्वतःची, वर्षातून दोनदा. पूर्णवेळ संशोधकाला संस्थेची फेलोशिप मिळू शकते. जेआरएफ नसलेल्यासाठी ही मोठी सोय आहे.

आयसीएआर या केंद्रीय कृषी संशोधन परिषदेची किनारपट्टी कृषी संशोधन संस्था, एला, जुने गोवे. खाजन जमिनींवर थेट काम असलेली जागा. पदवी इथलीही नव्हे, पण सह-मार्गदर्शक इथला मिळू शकतो.

आयआयटी (फर्मागुढी) आणि एनआयटी (कुंकळ्ळी) तुमच्या विषयाला फारशा उपयोगी नाहीत. रसायन, भौतिक, गणित किंवा अभियांत्रिकीवाल्यांनी मात्र त्या जरूर बघाव्यात.

गाईडकडच्या जागेबद्दल: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळे नावाजलेल्या ज्येष्ठाच्या मागे सहा महिने घालवण्याआधी जागा आहे का आणि निवृत्ती कधी, हे विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. हा प्रश्न उद्धट नाही, कार्यालयाला सवय असते.

---

सड्यावरून

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. प्रोजेक्टवर जा, पण जाहिरात वाचून जा.

प्रोजेक्टच्या जाहिराती संस्थेच्या संकेतस्थळावर भरती किंवा रिक्त पदांच्या पानावर येतात आणि अर्जाला किंवा थेट मुलाखतीला अनेकदा दोन-तीन आठवडेच देतात. पेपरात येण्याची वाट पाहिली तर गेलीच समजा. एनआयओ, एनसीपीओआर, जुने गोवेची संस्था, विद्यापीठ आणि बिट्स, ही पाच पानं दर सोमवारी आणि गुरुवारी उघडायची. दहा मिनिटांचं काम आहे.

जाहिरातीत चार ठिकाणी बोट ठेवायचं.

पदाचं नाव. प्रोजेक्ट असोसिएट, प्रोजेक्ट जेआरएफ, फील्ड असिस्टंट, यंग प्रोफेशनल, ही सगळी एकच नव्हेत. प्रोजेक्ट जेआरएफ नावात जेआरएफ असलं तरी ती तुमची नसते, त्या प्रकल्पाची असते. प्रकल्प संपला की ती संपली. आयसीएआरमधलं यंग प्रोफेशनल हे पद कामाचं आहे, शिकायला मिळतं, पण ते पीएचडीची पायरी म्हणून धरू नका.

प्रकल्पाची शेवटची तारीख. सगळ्यांत महत्त्वाची ओळ हीच आणि ती बहुधा शेवटच्या परिच्छेदात बारीक अक्षरांत असते. 'नेमणूक ११ महिने किंवा प्रकल्प संपेपर्यंत, जे आधी घडेल ते' असं लिहिलं असेल तर प्रकल्पाला किती महिने उरलेत ते मुलाखतीत विचारा. तीन वर्षांच्या प्रकल्पाची जाहिरात पहिल्या सहा महिन्यांत आली असेल तर तुमच्या हाती अडीच वर्षं आहेत आणि पीएचडीचा बराच भाग त्यात होतो. प्रकल्पाला १४ महिने उरले असतील तर ती नोकरी आहे, पीएचडीचा खर्च नव्हे.

मानधनाचे दोन आकडे. प्रोजेक्ट असोसिएटला नेट किंवा गेट असेल तर एक रक्कम, नसेल तर कमी. तुमचा तिसरा गट वरच्या रकमेला चालतो का, हे जाहिरातीच्या शब्दांवर ठरतं. 'लेक्चररशिपसह नेट' असं लिहिलं असेल तर चालत नाही. रुजू होण्याआधीच लेखी विचारा. रुजू झाल्यावर या मुद्द्यावर वाद घालून कोणाला काही मिळत नाही. तुलनेसाठी सांगतो, राष्ट्रीय जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर ४२,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. वसतिगृह मिळालं तर घरभाडं मिळत नाही.

पीएचडी नोंदणीची मुभा. काही ठिकाणी ती देतात, काही ठिकाणी पहिलं वर्ष देत नाहीत. मुलाखतीच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचं आहे?' असं म्हणतात, तेव्हा हाच प्रश्न विचारा.

कागदपत्रांत गोव्यातली मुलं एकाच जागी अडकतात. मामलेदाराकडून किंवा उपजिल्हाधिकाऱ्यांकडून घेतलेला ओबीसी दाखला राज्याच्या नमुन्यात असतो. एनआयओ, एनसीपीओआर, आयसीएआर या केंद्राच्या संस्था. त्यांना केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, तुमची जात केंद्राच्या यादीतही असावी लागते आणि नॉन-क्रिमीलेअर चालू मुदतीतलं लागतं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी हे कळून उपयोग नसतो. दोन्ही नमुन्यांत दाखले आधीच करून ठेवा. सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतराचं विद्यापीठाचं पत्र, आणि पदवी मुंबई किंवा कोल्हापूरची असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र.

उलट, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला, रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड आणि कोंकणीचं ज्ञान या अटी राज्य सरकारच्या पदांना लागतात. केंद्रीय संस्थेच्या प्रोजेक्टसाठी त्यांच्यामागे धावण्यात दिवस घालवू नका.

---

खाजनकाठ

खूप आभार. शेवटच्या तारखेचा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता. गाईडला पत्राचं कोणी सांगेल का? आणि विषयाची रूपरेषा आधीच पाठवायची का?

---

आगरातली_ओहोटी

पत्राआधी दोन तास वाचन. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात त्या गाईडच्या हाताखालचे मागचे तीन-चार प्रबंध उघडा. सारांश आणि पद्धतीचं प्रकरण वाचलं तरी पुरे. त्यातून प्रयोगशाळेत कोणती उपकरणं आहेत, विद्यार्थी किती वर्षांत सुटतात, आणि ते खरोखर क्षारप्रिय जिवाणूंवर काम करतात की ते नाव फक्त जुन्या एका लेखात आहे, हे सगळं कळतं. मग त्यांचे गेल्या दोन वर्षांतले लेख आणि प्रत्येक लेखाच्या शेवटची आभाराची ओळ. कोणत्या संस्थेने पैसे दिले ते तिथे असतं. पैसा चालू आहे की आटलाय, याचा अंदाज त्या ओळीवरून येतो.

पत्र इंग्रजीत, दीडशे ते दोनशे शब्दांचं. विषयाच्या ओळीत 'पीएचडीसाठी विनंती' एवढंच लिहू नका. नेटचा गट, विषय आणि सत्र लिहा. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण आणि काय पात्रता, पुढच्या तीन-चार ओळींत त्यांच्या एका विशिष्ट लेखातली कोणती गोष्ट तुमच्या कामाशी जुळते, मग तुम्हाला हाताने काय येतं: पीसीआर, १६एस क्रमवारी, क्षारयुक्त माध्यमावर वाढवणं, आर किंवा पायथन, जे खरं असेल ते. शेवटी थेट प्रश्न: येत्या सत्रात तुमच्याकडे जागा आहे का, आणि निधी असलेला प्रकल्प सुरू होणार आहे का? सोबत दोन पानी परिचयपत्र, एकच पीडीएफ, फाइलला स्वतःचं नाव. चाळीस जणांना एकाच वेळी पाठवलेलं पत्र उघडल्याबरोबर ओळखू येतं आणि गाईड एकमेकांना सांगतातही. गोवा लहान आहे.

उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी एकच आठवण. चवथीच्या आठवड्यात, सत्रपरीक्षेच्या पेपर तपासणीत किंवा नाताळात पाठवू नका. तिसरी आठवण नको. त्याऐवजी विभागात जाऊन भेटा. हे गोव्यात राहणाऱ्याला जमतं आणि बाहेरच्याला जमत नाही, तेव्हा त्याचा फायदा घ्या.

रूपरेषा पहिल्या पत्राबरोबर नको, पण तयार असू द्या. मुलाखतीत तीच तपासतात. दोन पानं: प्रश्न, आजवर काय झालंय, नमुने कुठून आणि कधी, पद्धत, वर्षवार वेळापत्रक.

तुमच्या विषयात सगळ्यांत जास्त चुकतं ते वेळापत्रक. मिठागरं साधारण जानेवारी ते मे या काळात चालतात. पावसात तिथे गोडं पाणी भरतं, क्षारता कोसळते, आणि ज्या जिवाणूंसाठी तुम्ही जाणार ते तेव्हा तुमच्या हाती लागायचे नाहीत. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, मीठ धरणाऱ्या शेवटच्या कोंडीत ते अडीचशेच्या वर जातं. ऑगस्टमध्ये प्रवेश झाला तर पहिले खरे नमुने पुढच्या जानेवारीतच. म्हणून पहिले पाच महिने अभ्यासक्रम (किमान १२ श्रेयांक, त्यात संशोधन नीतीचा पेपर), वाचन आणि माध्यमं बसवणं यांना द्या. तीन वर्षांत तुम्हाला मिठाचे दोन किंवा तीनच हंगाम मिळतात. एक हंगाम चुकला की एक वर्ष गेलं. हे गणित रूपरेषेत दिसलं तर मुलाखत घेणाऱ्यांना कळतं की हा माणूस आगरात (मिठागरात) उतरलेला आहे. मासळीवर काम करणाऱ्यांनाही हेच: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, धक्क्यावर नमुने नाहीत.

आगर आणि खाजन कोणाच्या मालकीचे, बांधाची व्यवस्था कोणाकडे, याची चौकशी आधी करा. आगरवाल्याला आणि कूळ संघाला (खाजनाचे बांध सांभाळणाऱ्या कुळांच्या संघाला) भेटून परवानगी घ्या, शक्यतो लेखी. अर्ध्या हंगामात वाट बंद झाली तर प्रबंधाचं प्रकरण अर्धवट राहतं.

जिवाणूची नवी जाती (स्पीशीज) सापडली तर ती दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन जिवाणू-संग्रहांत ठेवावी लागते, आणि जैविक नमुना देशाबाहेर पाठवायला जैवविविधता कायद्याच्या परवानग्या लागतात. त्यात महिने जातात. वेळापत्रकात त्यालाही जागा हवी.

---

मोडीवाचक

धागा विज्ञानाचा आहे, पण मराठी, इतिहास, समाजशास्त्रवालेही वाचत असतील म्हणून थोडक्यात. आपल्याकडे प्रकल्पातली पदं फार कमी, त्यामुळे पैसा फेलोशिपमधूनच येतो. आयसीएसएसआर या समाजविज्ञान संशोधन परिषदेची डॉक्टरल फेलोशिप दरमहा २०,००० रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि तिला आधी पीएचडी नोंदणी लागते. इतिहासासाठी आयसीएचआरची आहे. गावडा, कुणबी, वेळीप समाजांना २००३ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. त्यांनी आदिवासी व्यवहार मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप न चुकता बघावी, त्यासाठीही आधी पूर्णवेळ नोंदणी करावी लागते. आईवडिलांची एकुलती मुलगी असेल तर यूजीसीची सावित्रीबाई फुले फेलोशिप आहे.

गोव्याचा विषय घेणाऱ्याने मुलाखतीच्या आधी पोर्तुगीज वाचायला आणि मोडी उलगडायला सुरुवात केलेली असावी. पणजीच्या पुराभिलेखागारातली कागदपत्रं या दोन्हींत आहेत. 'नंतर शिकेन' असं रूपरेषेत लिहिलं की पुढचा प्रश्न 'कधी?' असाच येतो. विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे, प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची चौकशी करा.

---

बाहेरची_वाट

दोन वर्षांनी बाहेर जाण्याचा विचार झाला तर आत्तापासून दोन गोष्टी लक्षात ठेवा.

युरोपात अनेक देशांत पीएचडी ही नोकरी असते, जाहिरात निघते, पगार ठरलेला असतो. शोधायचं युराक्सेस या संकेतस्थळावर. मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागांना नागरिकत्वाची अट नाही, पण ज्या देशात जागा आहे तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं लागतं. गोव्यात बसलेल्याला ही अट आपोआप पूर्ण होते. जर्मनीत पगाराच्या श्रेणीपुढे ६५ टक्के किंवा ५० टक्के असं लिहिलेलं असतं, त्या श्रेणीच्या तेवढाच पगार मिळतो. तो आकडा न बघता होकार देऊ नका. तुमच्या विषयात ब्रेमेनची समुद्री सूक्ष्मजीवशास्त्राची माक्स प्लांक संस्था आणि तिथली मारमिक ही शाळा पाहून ठेवा.

अमेरिकेत उलट: जागेची जाहिरात नसते, विभागाला अर्ज करायचा, तारखा बहुधा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. ब्रिटनच्या जाहिरातीत निधी परदेशी विद्यार्थ्याचं पूर्ण शुल्क भरतो की फक्त स्थानिक दराएवढं, हे शोधा. तो फरक खिशातून भरणं मध्यमवर्गीय घराला झेपत नाही.

---

ताळगाव_पठार

एक इशारा राहिला. 'गाईडसकट पीएचडी, घरबसल्या, दोन वर्षांत' असं सांगणारे दलाल म्हापशापासून मडगावपर्यंत फोन करतात. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणातली पीएचडी यूजीसीला मान्य नाही. किमान मुदत तीन वर्षं आहे, कमाल सहा, पुढे दोन वर्षांची वाढ मिळू शकते आणि महिलांना आणखी दोन. पैसे घेऊन चार दिवसांत लेख छापणारी नियतकालिकंही तशीच. यूजीसीने २०२५ मध्ये आपली केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) बंद केली, तेव्हा 'केअर यादीतलं' हे आमिष आता कोणी दाखवलं तरी त्याला काही अर्थ नाही. नियतकालिकाचे संपादक कोण आणि तुमच्या विषयातले चांगले लोक त्यात लिहितात का, हे बघायचं. नकलेचंही लक्षात असू द्या: दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे प्रबंध परत येतो.

---

खाजनकाठ

शेवटचा प्रश्न. प्रोजेक्टवर राहून नोंदणी झाली आणि नंतर परत नेट देऊन जेआरएफ मिळाली तर काय होतं?

---

सड्यावरून

तर ती घ्यायची. नोंदणी तीच राहते, फक्त पैशाचा स्रोत बदलतो. प्रोजेक्टचं पद लेखी राजीनाम्याने सोडा, कारण एकाच महिन्यात दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत. राजीनाम्याची तारीख आणि फेलोशिपवर रुजू झाल्याची तारीख लागोपाठ ठेवा. यूजीसीची असेल तर विद्यापीठाकडून दर महिन्याला ऑनलाइन पुष्टी जावी लागते, ती करणारा कर्मचारी रजेवर गेला की तुमचे पैसे थांबतात. पहिला हप्ता यायला काही महिने लागतात, म्हणून प्रोजेक्टच्या मानधनातून तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच राजीनामा द्या. आणि नेमणूक पत्रावर किती दिवसांत रुजू व्हायचं ती तारीख छापलेली असते, ती आधी बघा.